पिकाचे दिवस मोजतो, बाईचे दिवस कोण मोजणार?

सोयाबीन उगवून किती दिवस झाले हे आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला झोपेतून उठवून विचारा, तो बरोबर सांगेल. "बावीस दिवसाचं झालं साहेब, एक डवरणी झाली." कपाशीला पात्या कधी लागल्या, तुरीचे शेंडे कधी खुडले, सगळं त्याच्या बोटावर असतं. पण त्याच शेतकऱ्याच्या घरी बायको नाहीतर सून पोटुशी असेल आणि आपण विचारलं, "कितवा महिना?" तर तो घराकडे तोंड करून हाक मारतो, "माय, कितवा वं हिले?" बारा वर्षांच्या नोकरीत हे मी घाटावर पाहिलं, घाटाखाली पाहिलं, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातही पाहिलं. आधी हसू यायचं. पुढे ते बंद झालं, कारण मी स्वतःही त्यातलाच निघालो.

२०१८ चा खरीप होता. माझं गाव घाटावर, नोकरी घाटाखाली. पत्नीचं पहिलंच बाळंतपण, म्हणून ती गावी माझ्या आईवडिलांजवळ. जुलैच्या शेवटी वडिलांचा फोन आला. पावसाने झड लावलेली, सोयाबीनमध्ये तण मातलेलं, मजूर मिळत नव्हते. मी आमच्या पुस्तकातलं उत्तर दिलं, "बाबा, ४५ दिवसांच्या आत रान निंदून घ्या, नाहीतर उतारा घटतो." सल्ला बरोबर होता. आजही मी तोच सल्ला देतो. पण निंदायला बसणार कोण, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. आठ दिवस माझी आई आणि आठव्या महिन्यातली माझी पत्नी हातात खुरपं घेऊन ओल्या रानात बसून होत्या.

बाळ दिवस भरायच्या महिनाभर आधीच आलं. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. चौदा दिवस त्याला नवजात बालकांच्या कक्षात ठेवावं लागलं. हे निंदणीमुळेच झालं, असं मला कोणा डॉक्टरने सांगितलं नाही आणि मीही छातीठोकपणे म्हणणार नाही. दिवस भरायच्या आधी बाळंतपण होण्याला अनेक कारणं असतात. पण तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर बसलो असताना वडील हळूच म्हणाले, "रान तर निंदून झालं होतं रे." त्यांना मला धीर द्यायचा होता. मला काय बोलावं ते सुचलं नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. मी डॉक्टर नाही, शेतीखात्याचा माणूस आहे. पण ह्या विषयाचा अर्धा भाग शेताच्या बांधावरच आहे, म्हणून लिहितो.

काय सुधारलं आणि काय राहिलं

आधी चांगलं झालं ते सांगितलं पाहिजे. आपल्या आजीच्या काळी बाळंतपण घरात, कंदिलाच्या उजेडात व्हायचं. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गावोगाव आशाताई आल्या. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत केली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. २००१ ते २००३ या काळात राज्यात दर एक लाख जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ३३ वर आला. हे आशाताई, नर्सबाई, डॉक्टर आणि दवाखान्यात जायला तयार झालेल्या कुटुंबांचं यश आहे.

पण त्याच पाहणीतले दुसरे आकडे पाहा. राज्यातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी, ३६ कमी वजनाची. १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी. म्हणजे आई वाचली, लेकरू वाचलं, पण दोघांच्याही अंगात जोर नाही. उगवण चांगली होऊन वाढ खुंटली तर आपण बियाण्याच्या दुकानदाराशी भांडत बसत नाही. जमीन पाहतो, खत पाहतो, मशागत पाहतो. इथेही तेच करायला पाहिजे. दवाखान्याच्या वाट्याचं काम बरंच झालं. घराच्या आणि शेताच्या वाट्याचं राहिलं.

पुण्याजवळच्या सहा गावांत काय दिसलं

ही माझ्या मनची गोष्ट नव्हे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या सुमारे ८०० गरोदर बायकांचा अभ्यास केला. बहुतेक शेतकरी कुटुंबातल्या. गरोदर राहण्याआधी या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आत-बाहेर. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही थोडं खाली, तर इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलो.

या अभ्यासात पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी एक साधी गोष्ट केली. या बायका दिवसभर काय काय काम करतात, याची नोंद घेतली. शेतातलं काम, पाणी भरणं, घरकाम, सगळं. निष्कर्ष असा निघाला की गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आणि मधल्या महिन्यांत ज्यांच्यावर कामाचा भार जास्त होता, त्यांची बाळं सरासरीने कमी वजनाची निघाली. बाळाच्या डोक्याचा आणि दंडाचा घेरही कमी भरला. दुसरी गोष्ट अशी दिसली की ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, दूध आणि फळं जास्त वेळा होती, त्यांची बाळं जास्त भरलेली होती.

आपण बहुतेक शेवटचा महिनाच जपतो. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरतो, डोहाळजेवण करतो, नवव्यात माहेरी पाठवतो. पण बाळाच्या वाढीचा पाया तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या महिन्यात पडतो. तेव्हा पोट फारसं दिसत नाही, म्हणून बाई वेचणीच्या टोळीत सगळ्यांच्या बरोबरीने असते. कमरेला कापसाची ओटी, संध्याकाळी डोक्यावर गाठोडं, वाटेत सरपण आणि घरी आल्यावर पाणी. खारपाणपट्ट्यातल्या संग्रामपूर, शेगाव, जळगाव जामोदकडच्या गावांत गोड पाण्याची पायपीट बाईच्याच कमरेवर पडलेली आहे.

गेल्या वर्षी शेतीशाळेत हा विषय काढला तेव्हा पुरुष मंडळी खाली पाहून हसायला लागली. मागे बसलेली एक म्हातारी मात्र उभी राहिली. म्हणाली, "म्हस गाभण असली की दोन महिने आधी आटवता. ढेप-सरकी जास्त टाकता. तिले कोणी मारू देत नाही, पळवू देत नाही. सुनेले नववा लागला तरी रानात धाडता. आन वरून म्हनता आमच्या येळी आमीबी गेलो होतो!" सभेत एकदम शांतता झाली. बाईची जनावराशी तुलना करायला मन धजत नाही. पण म्हातारी खोटं बोलली नाही. गाभण जनावराला शेवटच्या दोन महिन्यांत दीड-दोन किलो जादा खुराक द्या, असं आमचं खातं सांगतं आणि शेतकरी ते ऐकतो, कारण त्यात दुधाचा पैसा दिसतो.

बाळंतपणानंतरचे सहा महिने

बाळ झाल्यावर पहिल्या तासात अंगावर पाजावं, सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, वरचं पाणीसुद्धा नको, हे आता गावात बहुतेकांना पाठ आहे. पण दोन महिन्यांची बाळंतीण सकाळी आठला रानात गेली आणि पाचला परतली तर सहा महिने फक्त दूध कसं व्हायचं? मग आजी साखरपाणी देते, बाटली येते, बिस्किट पाण्यात बुडवून दिलं जातं. पुढे हगवण लागते. लेकराला सहा महिने पुरे झाले की वरण-भात, भाकरीचा काला, शिजवून कुस्करलेली भाजी, अंडं हे दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवावं लागतं. भरवणारी मोठी बहीण सात वर्षांची असेल तर दुकानातली पाच रुपयांची पुडीच हातात येणार.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली. ३९ गावांत झालेल्या या कामाचे निकाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याच धर्तीवर आज आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत सहा-सात वेळा घरी येतात. पण हंगामात आशाताई येते तेव्हा घराला कडी असते. बाळंतीण रानात, लेकरू धुऱ्यावरच्या निंबाला बांधलेल्या झोळीत.

ह्याच काळात आणखी एक गोष्ट होते, तिला आपल्याकडे नावही नाही. माझी पत्नी दवाखान्यातून आल्यावर दोन महिने फार बोलत नव्हती. बाळ रडलं तरी बसून राहायची. रात्री जागी. जेवण टाकायची. आई म्हणायची, "ओली बाळंतीण अशीच राहते." शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं झालं असेल. मी शनिवारी येऊन रविवारी परत. मला वाटलं, माझ्यावरच रुसली आहे. पुढे एका नर्सबाईंनी सांगितलं की हा आजार आहे, याला बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात आणि तो बरा होतो.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या एका अभ्यासात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांच्या मातांची विचारपूस केली. शंभरातल्या २३ जणींना हे नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारझोड आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, ही त्यामागची कारणं ठळक दिसली. अशा आयांच्या बाळांची वाढही मागे पडत होती. म्हणजे आईच्या मनावरचं ओझं बाळाच्या वजनाच्या काट्यावर उतरतं.

मुलगी झाल्याचं ओझं आपल्या जिल्ह्यात किती आहे हे जनगणनेने सांगून ठेवलं आहे. २००१ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५५ उरल्या. दर १२ जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जिजाऊंना वंदन करायला लाखोंनी जातो. त्याच जिल्ह्यात दुसरी मुलगी झालेली बाळंतीण तोंड लपवून दवाखान्यातून घरी येते. ती उदास का, हे विचारायला डॉक्टर लागत नाही.

बापाचाही ताण आहेच

कोणी म्हणेल, साहेबांनी सगळा दोष पुरुषावर टाकला. तसं नाही. बापाच्या डोक्यावर काय असतं ते मला रोज दिसतं. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याच्या कितीतरी खाली सोयाबीन द्यावं लागलं. त्यात कर्जाचा हप्ता, कृषी केंद्राची उधारी, पोराच्या शाळेच्या गाडीचे पैसे. संध्याकाळी घरी आल्यावर लेकराने वही मागितली तरी हात उठतो. मग बायको लेकरावर चिडते आणि लेकरू धाकट्यावर. २००६ मध्ये केंद्राने आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात आपला बुलडाणा होता. त्या पैशांत विहिरी होत्या, व्याजमाफी होती. घरातल्या माणसांनी एकमेकांशी बोलावं कसं, हे कोणत्याच पॅकेजमध्ये बसत नाही.

पण यावरही काही करता येतं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात गावातल्याच लोकांना मनाच्या आजाराची ओळख आणि समुपदेशन शिकवलं गेलं. आधी नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी चार-पाच जणच मदत घेत. दीड वर्षाने ते सत्तावीस झाले. आज १४४१६ हा टेलिमानसचा फोन फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. खताच्या दुकानाच्या भिंतीवर कंपनीच्या जाहिराती लावतो, तिथे हा नंबरही लावायला काय हरकत आहे?

"मग निंदणार कोण?"

आता खरा प्रश्न. शेतीशाळेत त्याच दिवशी एका तरुण शेतकऱ्याने मला अडवलं. "साहेब, मजूर भेटत नाही. भेटला तर गुत्त्याशिवाय बोलत नाही. बाई घरी बसवली तर निंदण तुम्ही कराल का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शेतीतूनच द्यावं लागेल.

पहिलं, घरात गरोदर बाई असेल तर पेरणीच्या आधीच त्या हंगामाचं नियोजन बदला. वेळेवर दोन डवरण्या पडल्या तर हाताने निंदायचं रान निम्म्याने कमी होतं. उरलेल्यासाठी सायकल कोळपं आहे, ते पुरुषाने चालवावं. सगळं रान एकाच वाफशावर न पेरता चार-सहा दिवसांच्या अंतराने पेरलं तर निंदणही एकदम अंगावर येत नाही. तिला हलकं काम द्यायचं तर सावलीतलं, बसून करायचं, मध्ये उठता येईल असं द्या. वजन उचलणं, पाणी वाहणं आणि तासन्तास ओणवं काम या तीन गोष्टी पूर्ण बंद.

दुसरं, फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं दगावली, तेव्हा आपण सगळे हादरलो. पण फवारणीला पाणी आणून देणारी, औषध कालवून देणारी आणि रात्री फवारणीचे कपडे धुणारी बहुतेक घरची बाईच असते. डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण म्हणजे जहाल विष. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई त्या डब्याजवळ, त्या कपड्यांजवळ आणि फवारलेल्या ताज्या रानात जाता कामा नये. कपडे फवारणाऱ्याने स्वतः, वेगळे धुवावेत. तणनाशकालाही हेच लागू.

तिसरं, घरचं खाणं. आपल्या भागात सोयाबीन आलं आणि ज्वारी, मूग, उडीद मागे सरले. पैसा आला, पण घरचं धान्य गेलं. तूर तर आपण शेवटच्या पोत्यापर्यंत विकतो आणि डाळ किलोने आणतो. घरात गरोदर बाई असेल त्या वर्षी एक पोतं तूर आणि दोन पायल्या मूग घरासाठी काढून ठेवा. धुऱ्यावर एक शेवगा, परसात अंबाडी, मेथी, तांदुळजा, चार कोंबड्या. गूळ-शेंगदाणे तर घरचेच. पूर्ण नऊ महिन्यांत बाईचं वजन साधारण ९ ते ११ किलो वाढायला पाहिजे. रक्त ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या नेमाने. ७ च्या खाली गेलं तर दवाखाना, तोही ताबडतोब.

चौथं, पैशाचा हिशेब. समजा बाईऐवजी पंचवीस दिवस मजूर लावला आणि रोज तीनशे धरला, तर साडेसात हजार होतात. हा खर्च शेतकऱ्याला जड आहे, मान्य. पण ज्याच्या घरचं बाळ खाजगी दवाखान्यात पेटीत ठेवायची पाळी आली, त्याला विचारा की किती दिवसांत तेवढं बिल झालं.

हा हिशेब जमीनवाल्याचा झाला. जी बाई स्वतःच मजूर आहे, तिने काय करायचं? तिने काम सोडलं तर चूल बंद. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६ हजार. तीनशे रोजाने ५ हजार म्हणजे सोळा-सतरा दिवसांची मजुरी. नोकरीतल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्याने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. मजूर बाईला सतरा दिवस. तामिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेतून गरीब गरोदर बाईला रोख आणि वस्तू मिळून १८ हजारांची मदत ठरवलेली आहे. आपल्या राज्याने आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी यावर बोलायला पाहिजे. तोवर आहे ती रक्कम तरी वेळेवर पदरात पडावी म्हणून नोंदणी पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्या. आधार आणि बँक खात्यातल्या नावाचा मेळ आधीच तपासा.

गावाने काय करावं

सरपंच, सदस्य, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. बहुतेक गावांत ते शिवणयंत्र नाहीतर सतरंज्यांवर जातात. त्यातून निंदणी आणि वेचणीच्या तीन-चार महिन्यांपुरतं एक पाळणाघर चालवा. समाजमंदिर, शाळेची रिकामी खोली, काहीही चालेल. तीन वर्षांखालची दहा लेकरं, सांभाळायला बचत गटातली एक जाणती बाई, दुपारी खिचडी आणि अंडं. दूध पाजणाऱ्या आईला दुपारी घरी यायची मुभा मालकाने द्यावी, रोज कापू नये.

हे स्वप्न नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोग संस्थेने गावोगाव अशा 'फुलवाऱ्या' चालवल्या, पुढे त्या राज्याच्या सरकारनेही त्या उचलल्या. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर ती सांभाळायला एका बाईला मजुरीवर ठेवावं, अशी तरतूद घातली होती. आपल्याकडे कितीशा कामांवर अशी बाई कोणी पाहिली?

आणखी एक. पोटुशी बाईचं डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड-हात सुजले, रक्त किंवा पाणी गेलं, नाहीतर बाळाची हालचाल कमी झाली, तर "सकाळी पाहू" म्हणू नका. १०८ किंवा १०२ ला फोन लावा. पावसाळ्यात ज्या गावचा रस्ता तुटतो, तिथे कोणाची गाडी रात्री निघेल हे मृगाच्या आधीच ठरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा.

आम्हा कृषी खात्याच्या माणसांनाही हे लागू आहे. आम्ही बोंडअळी मोजतो, सापळ्यातले पतंग मोजतो, पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतो. पण "हे निंदण कोण करणार?" एवढा एक प्रश्न आमच्या कोणत्याच तक्त्यात नाही. मी माझ्यापुरता तो घातला आहे. गेल्या दोन हंगामांपासून पेरणीच्या बैठकीत मी बियाणं, खत आणि बीजप्रक्रिया झाल्यावर विचारतो, यंदा कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे? पहिल्या वर्षी कोणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी तिघांनी हात वर केला. त्यातल्या एकाने घरी न विचारता महिनाही सांगितला. त्या तिघांसोबत बसून आम्ही त्यांच्या निंदणाचं वेळापत्रक वेगळं काढलं.

माझा मुलगा आता शाळेत जातो. वर्गात अजून पहिल्या रांगेतच उभा राहतो, कारण उंचीने लहान आहे. पत्नी बरी आहे. वडील अजून शेती करतात आणि निंदणाच्या वेळी आता मला फोन करून आधी सांगतात की कोणकोण बाया लावल्या. मृग तोंडावर आहे. या वर्षी पेरणीची बैठक तुमच्या गावात होईल तेव्हा मी हाच प्रश्न विचारणार आहे. शेतकरी बंधूंनो, उत्तर घरून विचारून या.

(लेखक पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) आहेत. मते वैयक्तिक.)